आठ (क) सह सत्तावीस

सकाळी 7.50

लोकलमध्ये टेकायला जागा मिळाली की मी आधी मोबाइलवर कोर्टाचं दिवसाचं बोर्ड उघडते. आज माझ्या नावावर लागलेल्या प्रकरणांत निम्म्याहून अधिक एकाच छापाची आहेत: एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, कलम 8 (क) सह 27. कोर्टात त्यांना नुसतं 'सेवन' म्हणतात. "आज सेवन किती?" असं कारकून विचारतो तेव्हा नवख्या ज्युनिअरला हसू आवरत नाही. या प्रकरणांत कुणी काही विकलेलं नसतं, कुणाकडे साठाही सापडलेला नसतो. रुळांलगतच्या भिंतीआड, सुलभ शौचालयामागे, बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात कुणीतरी ओढत बसलेला असतो आणि गस्तीवरच्या पोलिसांना तो 'मिळून येतो'. मी विधी सेवेच्या पॅनलवर आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची प्रकरणं माझ्याकडे येतात, आणि सेवनवाल्यांना वकील परवडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

संध्याकाळी आणखी एक काम अंगावर घेतलंय. कोर्टापासून दोन स्टेशनं पुढे एका सोसायटीत रहिवाशांची बैठक आहे. भागात गर्दुल्ले वाढलेत, त्यावरून. सेक्रेटरींनी काल फोनवर विषय नेमून दिला, "मॅडम, परदेशात म्हणे नशा करणं गुन्हाच राहिला नाही. मग तिथे चोऱ्यामाऱ्या वाढल्या की घटल्या, एवढंच सांगा. अर्ध्या तासात होईल ना?"

होईल म्हटलं. गाडी कुर्ला सोडेपर्यंत लक्षात आलं की गुन्हा मोजतात कसा हे आधी सांगितल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येणार नाही, आणि अर्धा तास त्यातच जाईल.

सकाळी 10.10

पैरवीचे हवालदार दोषारोपपत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बाकावर बसलेत. पहिल्या आरोपीचे कागद मी मागून घेते. वय 23, काम हॉटेलात भांडी घासण्याचं. मुद्देमाल: 'एक अर्धवट जळालेली सिगारेट, त्यात उग्र वासाचा हिरवट पाला, एक प्लास्टिकचा लायटर जु. वा.' जु. वा. म्हणजे जुना वापरता. किमतीच्या रकान्यात सिगारेटसमोर आडवी रेघ आहे आणि लायटरसमोर पाच रुपये.

या अर्ध्या सिगारेटमागे किती माणसं राबली ते पाहण्यासारखं आहे. गस्तीवरचे दोन शिपाई. रस्त्यावरून धरून आणलेले दोन पंच. आरोपीला घेऊन महापालिकेच्या रुग्णालयात रांगेत उभा राहिलेला एक शिपाई, कारण वैद्यकीय तपासणी आणि रक्त-लघवीचे नमुने हवेत. ते नमुने सीलबंद करून कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचवणारा आणखी एक. एफआयआर लिहिणारा, जामिनाचे कागद करणारा, महिनोन्महिने सीए रिपोर्टचा, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाचा, पाठपुरावा करणारा. मग दोषारोपपत्र, मग समन्स, मग झोपडपट्टीत 'मारुती मंदिराजवळ' एवढ्याच पत्त्यावर समन्स बजावायला फिरणारा शिपाई. शेवटी हे हवालदार, जे आज सकाळपासून या बाकावर आहेत.

"हे सगळं एका सिगारेटसाठी?" मी दरवेळी विचारते, आणि दरवेळी ते चष्मा कपाळावर सरकवून एकच सांगतात, "ड्राइव्ह होता ना मॅडम."

सकाळी 11.20

मॅजिस्ट्रेट साहेब खुर्चीवर बसले. सेवनवाल्यांची रांग आधी घेतात, कारण ती झटपट उरकते.

"गुन्हा कबूल आहे?"

"हो साहेब."

"कुणी दबाव टाकला? मारहाण केली?"

"नाय साहेब."

कलम 27 खाली गांजा-चरसाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेरॉइन, कोकेन, मॉर्फिन असेल तर एक वर्ष आणि 20 हजार. प्रत्यक्षात होते ती कोर्ट उठेपर्यंत कैद आणि खिशाला झेपेल इतका दंड. भांडी घासणाऱ्या त्या मुलाला मी बाहेर विचारलं होतं की लढायचं का. पंच फुटतील, सीए रिपोर्ट लंगडा आहे, सुटशील. त्यानं विचारलं, "किती तारखा पडतील?" पाच-सहा, मी म्हटलं. पाच-सहा दिवसांची हजेरी बुडते म्हणजे हॉटेलातली जागा जाते. त्याचा हिशेब माझ्या हिशेबापेक्षा पक्का होता.

दंड भरून आल्यावर तो विचारतो, "मिटलं ना मॅडम?" मिटलेलं नसतं. शिक्षा झाल्याची नोंद राहते. उद्या सिक्युरिटी गार्डची नोकरी लागली तर पोलीस व्हेरिफिकेशन होतं, तिथे ती वर येते. गार्डचं काम गेलेला माझा एक पक्षकार पुढे वर्षभरात गटारांची लोखंडी झाकणं चोरताना सापडला. शिक्षेनं त्याला चोर केलं असा दावा मी करत नाही. पण पगाराची नोकरी टिकली असती तर झाकणाकडे त्याचं लक्ष गेलं नसतं, असं मला वाटतं.

आता या 23 वर्षांच्या मुलाच्या पायी सरकारी आकडेवारीत काय घडलं ते पाहा. एक गुन्हा दाखल झाला. तो उघडकीसही आला, कारण सेवनाच्या प्रकरणात फिर्याद होते त्याच क्षणी छडाही लागलेला असतो. आरोपी सापडला नाही तर गुन्हाच दाखल होत नाही. आणि तो शाबीतही झाला. मोबाइल चोरीचं नेमकं उलटं असतं: गुन्हा दाखल, चोर बेपत्ता. म्हणजे ज्या ठाण्यात सेवनाचे गुन्हे भरपूर, त्या ठाण्याचा तपासाचा आकडा देखणा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात महाराष्ट्रात एनडीपीएसचे 13 हजारांहून अधिक गुन्हे आहेत, केरळच्या खालोखाल. त्यांत बहुतांश वाटा सेवनाचा. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतली हजारो प्रकरणं विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं तपासली होती. जवळपास सगळी स्वतःपुरतं ओढल्याची किंवा बाळगल्याची निघाली. शिक्षा कबुलीवर झालेल्या, आणि व्यसनमुक्तीला पाठवलेला एकही आरोपी नाही.

तेव्हा संध्याकाळच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच तयार आहे. सेवन हा गुन्हा नाही असं उद्या ठरलं तर परवापासून गुन्ह्यांचा आकडा धाडकन खाली येईल, एकानेही चिलीम सोडली नाही तरी. त्याबरोबर दोषसिद्धीचं प्रमाणही घसरेल आणि पेपरात मथळा येईल की पोलिसांचा तपास ढासळला. दोन्ही बातम्या आकड्यांना धरून असतील आणि रस्त्यावर काहीच बदललेलं नसेल.

दुपारी 12.45

हा दुसरा आरोपी समोर नाही, पडद्यावर आहे. तुरुंगातून व्हीसीवर त्याला हजर केलंय. पडद्याच्या चौकटीत त्याचा अर्धाच चेहरा येतो आणि मागे रांगेतल्या पुढच्या माणसाचा खांदा दिसतो. वय 31, व्यसन ब्राउन शुगरचं, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनचं. आरोप फटक्याचा: रुळांजवळच्या खांबाला टेकून उभं राहायचं, लोकल सिग्नलला हळू झाली की दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारायचा, पडलेला मोबाइल उचलून पळायचं. या फटक्यांनी माणसं गाडीखाली गेलेली आहेत. मी त्याची वकील आहे म्हणून ते मी विसरत नाही.

त्याची आई व्हरांड्यात बसलीय. ती मला ताई म्हणते आणि मी तिला मावशी. तिनं जे सांगितलं ते कागदावर कुठेच नाही. मुलगा मध्यंतरी सरकारी केंद्रातून रोज सकाळी गोळी घ्यायचा, जिभेखाली ठेवायची, बुप्रेनॉर्फिनची. "ती गोळी चालू होती तोवर टर्की लागायची नाय. सात महिने घरात एक भांडं गेलं नाय." मग एका सेवनच्या प्रकरणात तारीख चुकली, वॉरंट निघालं, दहा-बारा दिवस आत गेला. बाहेर आल्यावर केंद्रावर पुन्हा गेलाच नाही.

टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास: नाक-डोळे वाहणं, हाडं मोडल्यासारखी दुखणं, जुलाब. ती सुरू व्हायच्या आत पुडीचे पैसे उभे करायचे असतात, रोज, रविवार धरून. चोरी इथून सुरू होते. आणि नुसतं कलम 27 काढून इथे काहीच हलत नाही, कारण पुडी विकणं गुन्हाच राहतं, तिची किंमत तीच राहते आणि माणसाच्या खिशात पैसे तेवढेच नसतात. फटका थांबला होता तो गोळीनं, आणि गोळी सुटायला निमित्त झालं ते वॉरंटचं. जामिनावर पुढची तारीख पडली.

दुपारी 2.00

डबा. बाररूममध्ये आमचं एक जुनं टेबल आहे, तिथे एक ज्येष्ठ वकील सरकारी वकिलांनाही बोलावून बसवतात. आज मी संध्याकाळच्या विषयातलं पोर्तुगालचं उदाहरण काढलं तर ते वाटीतली उसळ संपवत म्हणाले, "पोर्तुगालला कशाला जातेस? महाराष्ट्रात 1949 पासून दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय पिणं आजही गुन्हा. रस्त्यारस्त्यावर परमिट रूमच्या पाट्या आहेत. आयुष्यात कुणी तुझ्याकडे परमिट मागितलंय?"

मला नाही मागितलं. टेबलावर कुणालाच नाही. कायदा जागेवर, वापर मोकळा, आणि परवान्याविना ग्लास उचलणाऱ्या प्रत्येकाला मोजायचं ठरवलं तर राज्याचा गुन्हेगारीचा दर जगात पहिला येईल. मग चंद्रपूरचा विषय निघाला. 2015 मध्ये तिथे जिल्हाभर दारूबंदी झाली, बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली. 2021 मध्ये सरकारनं ती उठवली आणि कारण दिलं की अवैध दारू आणि तिच्या जोडीची गुन्हेगारी वाढली. सरकारी वकील म्हणाले, बघा, बंदीमुळे गुन्हे वाढले. मी म्हटलं, बंदीचे गुन्हे बंदीमुळे वाढणारच. बायकांना मार कमी बसला का, ते कुठल्या रकान्यात पाहायचं? यावर डबे बंद झाले. तीनला रिमांड होते.

दुपारी 3.15

रिमांडला एक एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा. कॉलेजात जाणारा, वडील बाहेर उभे, हात जोडूनच. पावडर 1.7 ग्रॅम. एमडीला दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि 50 ग्रॅमपासून व्यावसायिक, त्यामुळे हा पोरगा तीन दशांश ग्रॅमनं वाचला. शुद्ध माल किती आणि भेसळ किती हे बघायचं नाही, पुडीतलं सगळं वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवलंय. भेसळखोर विक्रेता गिऱ्हाइकाला दुहेरी गाळात घालतो.

जामीन झाला. वडिलांना मी व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिला तेव्हा एक अडचण सांगावीच लागली. ब्राउन शुगरला बदली गोळी आहे, एमडीला तशी गोळी नाही. समुपदेशन, झोप, नजर आणि वेळ, एवढंच. परदेशी यशाच्या गोष्टी बहुतेक हेरॉइनच्या आहेत. आमच्याकडे माल बदललाय: 2023 मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखानाच सापडला, 2024 मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत शेकडो किलो.

दुपारी 4.50

कामकाज संपलं. बाररूमच्या कोपऱ्यात बसून बोर्डाच्या पाठकोऱ्या कागदावर संध्याकाळची टिपणं काढते.

पोर्तुगाल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या एक कोटीच्या देशात शंभरातला एक माणूस हेरॉइनच्या नादी लागला होता. लिस्बनमधल्या काझाल व्हेंतोझो नावाच्या वस्तीत भरदिवसा सुया टोचल्या जायच्या. 1 जुलै 2001 पासून नवा कायदा लागू झाला: दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ असला तर तो फौजदारी गुन्हा नाही, नियमभंग. लोक समजतात की तिथे पोलिसांनी डोळे मिटले. तसं नाही. पोलीस अजूनही हटकतात, माल जप्त करतात, आणि माणसाला कोर्टाऐवजी तीन जणांच्या एका आयोगापुढे पाठवतात. हा आयोग आरोग्य खात्याकडे आहे. तो माणूस कधीमधी ओढणारा असेल तर समज देऊन प्रकरण तहकूब. व्यसनी असेल तर उपचाराची वाट दाखवतात, कधी दंड. विक्रेत्याला तुरुंग होता तसाच आहे. कायदा बदलला त्याच सुमारास हेरॉइनला बदली मेथाडोन, स्वच्छ सुया, निवारे, डॉक्टर यांवर पैसा ओतला गेला. हे सगळं ज्यांनी उभं केलं त्यांत पुढे असलेले जोआओ गुलाओ हे मुळात साधे फॅमिली डॉक्टर.

गुन्ह्यांचं काय झालं? 1999 मध्ये तिथल्या तुरुंगात असलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक कैदी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो वाटा निम्म्यावर आला. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितली जाते ती दुसरी: सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावरच्या लुटीचे नोंदलेले गुन्हे वाढले. केटलिन ह्यूज आणि अ‍ॅलेक्स स्टीव्हन्स या अभ्यासकांनी 2010 च्या लेखात त्याचं एक संभाव्य कारण दिलंय, ते मला आज सकाळच्या बाकावर बसून लिहिल्यासारखं वाटलं. ओढणाऱ्यांना धरण्यात जाणारा पोलिसांचा वेळ मोकळा झाला, म्हणून बारीकसारीक चोऱ्यांकडे लक्ष गेलं आणि त्या नोंदल्या जाऊ लागल्या, असं असू शकेल. आकडा वाढला याचा अर्थ चोर वाढले असा असेलच असं नाही. आपल्याकडे मोबाइल गेल्यावर तक्रारीऐवजी 'हरवल्याचा दाखला' हातात घेऊन आलेल्या कुणालाही हे समजेल.

याच्या खाली मी आणखी एक ओळ लिहून ठेवते, नाहीतर बोलण्याच्या भरात निसटते: 2012 च्या सुमारास आर्थिक संकटात तिथली व्यसनविषयक संस्था मोडीत काढली, निधी आटला. 2023 पर्यंत पोर्तो शहरातले रहिवासी उघड्यावरच्या सुयांबद्दल आणि चोऱ्यांबद्दल तक्रारी करू लागले होते. कायदा दोन्ही वेळी तोच होता.

संध्याकाळी 6.15

लोकल. उभी.

संध्याकाळी 7.30

तळमजल्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पन्नासेक माणसं, चहा आधीच फिरलेला. मी सकाळची सिगारेट आणि तिच्यामागचे शिपाई सांगितले. पहिल्या रांगेत एक निवृत्त पोलीस अधिकारी होते, सगळे त्यांना 'साहेब' म्हणत होते. ते उठले.

"मॅडम, तुम्ही केस बघता, आम्ही साखळी बघतो. ओढणारा धरला तर विकणाऱ्याचं नाव मिळतं. कलम काढलंत तर आमच्या माणसाच्या हातात काय उरलं?"

मुद्दा खोटा नाही. मी विचारलं, सेवनच्या किती प्रकरणांत विक्रेता आरोपी म्हणून आला? ते हसले. "फार नाही," म्हणाले. हा माणूस मला आवडला.

त्यांच्यासाठी माझ्याकडे लंडनच्या लॅम्बेथ भागाचं उदाहरण होतं. 2001 मध्ये ब्रायन पॅडिक नावाच्या तिथल्या पोलीस अधिकाऱ्यानं वर्षभराचा प्रयोग केला: गांजाची चिमूट सापडली तर अटक नाही; माल घ्या, ताकीद द्या, पुढच्या कामाला लागा. यावर नंतर अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईनं अभ्यास केला. गांजाचे गुन्हे त्या भागात वाढले. पण पोलिसांचं बळ इतर गुन्ह्यांकडे वळलं आणि एकूण गुन्हे घटले. साहेबांनी मागे वळून हॉलकडे असं पाहिलं की जणू हे ते वीस वर्षं सांगत होते.

"आणि त्याच अभ्यासात," मी म्हटलं, "त्या भागातल्या घरांच्या किमती उतरल्याचंही दिसलं. जिथे मालाचा बाजार आधीच गरम होता, तिथे जास्त."

यावर हॉलमध्ये जी कुजबुज झाली ती गुन्ह्यांच्या एकाही आकड्यावर झाली नव्हती. सेक्रेटरींचं चहाकडे लक्ष गेलं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. गुन्हे घटले तरी नाक्यावर बसणारे वाढले तर लोकांना आपला भाग बिघडला असं वाटतं, आणि ते वाटणं खरेदीखतावर उमटतं. गुन्हेगारीचा दर आणि जिन्यातून उतरताना वाटणारी भीती यांचं एकमेकांशी असलेलं नातं आम्ही वकील नेहमी धरतो तितकं सरळ नाही.

मागून एका कॉलेजच्या मुलीनं अमेरिकेचं विचारलं. ऑरेगॉन राज्यानं केलं आणि मागे घेतलं, ते का?

2020 च्या नोव्हेंबरात तिथे 58 टक्के मतदारांनी मेझर 110 मंजूर केलं. फेब्रुवारी 2021 पासून थोडा माल बाळगणं म्हणजे शंभर डॉलरची पावती, आणि हेल्पलाइनला फोन करून तपासणी करून घेतली तर तीही माफ. फोन करायला जवळपास कुणीच आलं नाही. पहिल्या सव्वा वर्षात शे-सव्वाशे. पावत्या तशाच पडून राहिल्या, कारण न भरल्यास पुढे काहीच होत नव्हतं. उपचाराचे पैसे मंजूर होते, पण वाटप महिनोन्महिने रखडलं. त्याच काळात फेंटानिल हा जहाल अमली पदार्थ त्या किनाऱ्यावर पोचला आणि मरणाऱ्यांची संख्या चढली. दोष कायद्याचा की फेंटानिलचा, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत. फेंटानिलचा प्रसार हिशेबात धरला तर कायद्यानं मृत्यू वाढलेले दिसत नाहीत, असं 2024 च्या एका पाहणीत निघालं. लोकांनी तेवढी वाट पाहिली नाही. पोर्टलंडच्या फुटपाथवर फॉइल जाळत बसलेली माणसं त्यांना रोज दिसत होती. 1 सप्टेंबर 2024 पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं, 180 दिवसांपर्यंत कैद.

"म्हणजे तुमचं मत काय?" साहेबांनीच विचारलं.

सांगितलं. सेवनासाठी कैद नको, ती काढा. पण कलम खोडण्याच्या आधी गोळीचं केंद्र उघडा, त्याच वस्तीत, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आणि ते रविवारीही चालू ठेवा. केंद्राशिवाय कलम काढलं तर आपण ऑरेगॉन करू, आणि आपल्याकडे ते मागे घ्यायला साडेतीन वर्षंही लागणार नाहीत. नाक्यावरच्या पहिल्या मारामारीनंतर मोर्चा निघेल.

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई इतका वेळ हिशेबाची वही मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे ताई. माझ्या शटरसमोर जो झोपतो त्याला मी सकाळी सहाला उठवते. पोलिसांना फोन केला तर नेतात, संध्याकाळी परत. उद्या गुन्हा नाही म्हणालात तर मी फोन कुणाला करायचा?"

लिस्बनमध्ये याला उत्तर आहे. माझ्याकडे देण्याजोगा फोन नंबर एकच होता, तो व्यसनमुक्ती केंद्राचा, आणि ते पाच वाजता बंद होतं. तेच मी त्यांना सांगितलं. त्यांनी नंबर वहीत लिहून घेतला, वेळेसकट.

रात्री 10.20

जेवण झालं. उद्याच्या बोर्डावर ब्राउन शुगरचा एक सेवन आहे, आणि या वेळी मी कलम 39 चा अर्ज देणार आहे. हे कलम कायद्यात आहे, पुष्कळांना माहीत नाही. व्यसनी आरोपी सेवनात किंवा अल्प प्रमाणात दोषी ठरला तर कोर्ट त्याला शिक्षा देण्याऐवजी, त्याच्या संमतीनं, सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला सोडू शकतं. वर्षाच्या आत अहवाल घेऊन हजर व्हायचं. त्याच्याही पुढचं कलम 64-अ आहे: स्वतःहून उपचार घेतले तर खटलाच नाही. 2012 मध्ये मुंबईत एका सिनेनटाला त्याचा लाभ मिळाला होता. म्हणजे पोर्तुगालच्या वाटेची दोन दारं आपल्या कायद्यात तयार आहेत. त्यांतून रोज शेकडो माणसं का जात नाहीत, तर अर्जासोबत केंद्राचं पत्र लागतं, पत्राला खाट मोकळी लागते, आणि कबुली देऊन दंड भरायला दहा मिनिटं पुरतात.

पत्र आज दुपारी मिळालंय. खाट मंगळवारी रिकामी होते. वैद्यकीय अहवाल जोडला, आरोपीचं संमतीपत्र मराठीत केलं, कारण इंग्रजीतल्या कागदावर तो मुकाट्यानं सही करतो आणि नंतर पळतो. साहेब विचारतील की हे कलम या कोर्टात याआधी कधी वापरलं, म्हणून कायद्याच्या पानाची झेरॉक्स दोन प्रतींत घेतली. त्याच्या बहिणीला फोन झाला: साडेदहाला या, आधार कार्ड आणा, जामीनदार मिळाला तर आणा. ती म्हणाली जामीनदार कोण होणार आमचा. कलमात 'जामीनदारांसह किंवा त्यांच्याशिवाय' बंधपत्र असं लिहिलंय. त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारून फाइल पिशवीत टाकली.